अक्षरी सहा

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नव्हे. पत्र आलं त्याच दिवशी मी कोरे कागद काढले, पेनात शाई भरली, वरच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि तिथे थांबलो. तारीख बरोबर होती. त्या दिवशीची माझी कामगिरी एवढीच. पुढचे अठरा दिवस ते पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात मुक्कामाला होतं, आणि मी कोणताही शब्द पाहायला गेलो तरी कोश आपणहून त्याच पानावर उघडत होता.

पत्र लहान होतं. रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत, हाताने लिहिलेलं.

‘आदरणीय आजोबा, मागच्या महिन्यात तुम्ही आणि आजी आमच्या विमानात होतात. तुमच्या रांगेकडे मी होते. प्रवासानंतरच्या कार्डावर तुम्ही माझ्या सेवेला दहापैकी सहा गुण दिले आहेत. नऊच्या खाली गुण आले की आमच्याकडे ती तक्रार धरतात आणि लेखी खुलासा मागतात. माझं काय चुकलं ते खूप आठवूनही मला सापडत नाही. तुम्ही कळवलंत तर तसं खुलाशात लिहीन आणि पुन्हा होऊ देणार नाही. मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते या तीस तारखेला ठरणार आहे. तब्येतीला जपा. आजींना नमस्कार.’

पत्रात एकही चूक नव्हती. मी आधी तेच पाहिलं, हे सांगताना लाज वाटते. पण ज्याने छत्तीस वर्षं भाषेचे पेपर तपासले त्याचा डोळा आधी तिकडे जातो, मजकुराकडे नंतर. मजकुराकडे गेला तेव्हा मी खुर्चीत बसलो. आधीच बसलेला होतो; अधिक बसलो.

सहा म्हणजे तक्रार? माझ्या हातून सहा मिळवणाऱ्या मुलाच्या घरी पाहुणे बोलावत असत. दहापैकी दहा द्यायचे म्हणजे भाषेत आता करण्यासारखं काही उरलं नाही, दुकान बंद करा, असं जाहीर करायचं. नऊ दिले तर मुलगा उद्यापासून वाचणं सोडेल. आठ दिले तर त्याचे वडील शिकवणी सोडवतील. सात मी साऱ्या कारकिर्दीत तीनदा दिले, आणि तिन्ही वेळा रात्रभर वाटत राहिलं की आपण वाहवत गेलो. तेव्हा सहा. सहा म्हणजे पाठीवर हात. सहाच्या पुढे मी नेहमी कंसात ‘अक्षरी सहा’ लिहायचो, म्हणजे कुणी आकड्यात खाडाखोड करू नये. त्या मुलीच्या कार्डावरही मी तसंच लिहिलं होतं. चूक झाली असेल अशी शंका घ्यायलाही मी कंपनीला जागा ठेवली नव्हती.

तिला माझा पत्ता कुठून मिळाला, असं खालच्या मजल्यावरच्या हेडसाहेबांनी नंतर फार संशयाने विचारलं. मीच दिला होता. कार्डावर ‘नाव व पत्ता (ऐच्छिक)’ असं होतं, आणि ऐच्छिक प्रश्न सोडून देणाऱ्यांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं.

आता विमानाचं सांगतो. हिच्या थोरल्या भावाचं ऑपरेशन झालं होतं. तो राहतो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आगगाडीने दोन दिवस लागतात म्हणून मुलाने विमानाची तिकिटं काढून दिली. ही निघताना डबा भरायला लागली, तर मुलगा फोनवरून ओरडला, “आई, विमानात डबा नेतात का कुणी? तिकिटात जेवण आहे. छान गरम देतात.” तो वर्षातून वीसदा विमानाने जातो. त्याचं ऐकलं. तो विमानातलं काहीच खात नाही, हे त्याने मागाहून सांगितलं.

विमान दोन तास उशिरा सुटलं. वर गेल्यावर ध्वनिक्षेपकातून एक गोड आवाज म्हणाला, की लवकरच आपल्याला जेवण देण्यात येईल. माझी एक साखरेची गोळी आहे, ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते. मी छापील आणि जाहीर शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. गोळी घेतली.

समोरच्या खिशात जेवणाचं गुळगुळीत पुस्तक होतं. चार प्रकारच्या थाळ्यांचे रंगीत फोटो, प्रत्येकावर वाफ. मी ते मन लावून वाचलं, दोन पदार्थांमध्ये बराच वेळ घुटमळलो आणि तिसरा पक्का केला. तास-सव्वा तासाने गाडा आला. तो ढकलणाऱ्या वरिष्ठ बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “सर, काय घेणार?”

मी पुस्तक उघडून बोट ठेवलं.

“ते नाही. सँडविचच आहे.”

“मग हे फोटो...”

“ते माहितीसाठी आहेत, सर.”

“मग काय घेणार, असं का विचारलंत?”

हे मी मनात म्हटलं. प्रत्यक्षात “सँडविच द्या” असं म्हणालो, आणि वर “थँक्यू”देखील.

ते सँडविच बाहेरून भाजलेलं होतं आणि आतून गोठलेलं. ऋतुमानाचा एवढा मोठा पल्ला मी एका घासात कधी अनुभवला नव्हता. कडेचा पाव दाताला दाद देईना आणि मधलं चीज दातांना झिणझिण्या आणी. सोबत केकचा एक चौकोनी तुकडा होता. हिने तो ट्रेवर दोनदा आपटून पाहिला आणि पुन्हा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. पुढे कित्येक दिवस तो आमच्या न्हाणीघराच्या दाराला पाचर म्हणून उत्तम चालला. पाण्याच्या पेल्याला चकचकीत झाकण चिकटवलेलं होतं. मी ते नखाने, मग चाव्यांच्या जुडग्याने, शेवटी दाताने ओढलं, आणि निम्मं पाणी शेजारच्या टायवाल्याच्या मांडीवर गेलं. तो काही बोलला नाही. फक्त उरलेला सगळा प्रवास मांडीकडे पाहत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

घाबरून मी वाचायचा दिवा लावायला गेलो, तर ते बटण नोकरांना बोलावायचं निघालं. ‘नोकर’ हा शब्द माझा नव्हे. बटणावर तसं माणसाचं चित्रच होतं, हातात ट्रे घेतलेलं. ती मुलगी आली. मी माफी मागितली. ती गेली. मी दिवा बंद करायला पुन्हा तेच बटण दाबलं. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा तर माझं कोपरच लागलं. मी हात जोडणार इतक्यात ती वाकून हळूच म्हणाली, “दाबत राहा आजोबा. तेवढीच त्या पुढच्या रांगेतल्या साहेबांपासून माझी सुटका.”

मग तिने आमच्या ट्रेकडे पाहिलं. न खाल्लेलं सँडविच पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. ती मागे गेली आणि रुमालात झाकून एक स्टीलचा डबा घेऊन आली. मऊ भात होता आणि भाजी. तिचा स्वतःचा.

“खा आधी,” ती म्हणाली. “आणि कुणाला सांगू नका हं. आपला डबा प्रवाशाला दिला असं कळलं तर माझी धडगत नाही.”

आम्ही दोघांनी तो डबा संपवला. उतरायच्या थोडं आधी वरिष्ठ बाईंनी सगळ्यांना कार्डं वाटली आणि मी उरलेला वेळ परीक्षागृहात काढला. स्वच्छता: पाच. वेळ: दोन, ‘नियोजन हवे’. सेवा: सहा, अक्षरी सहा. पुढचा प्रश्न होता, ‘जेवण कसे वाटले?’ मी जे जेवलो त्याचे खरे गुण दिले. सात. पुढे लिहिलं, ‘घरच्या जेवणाची आठवण झाली.’ ‘आम्ही दिलेले जेवण’ असं प्रश्नात कुठेही नव्हतं. प्रश्न मोघम विचारला की उत्तराचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही.

हिने खांद्यावरून कार्ड वाचलं.

“सात?” ही म्हणाली.

“भात नेमका शिजला होता.”

“चव्वेचाळीस वर्षं मी रांधतेय. विचारलं की ‘सहा’ म्हणता. त्या पोरीच्या गार डब्याला सात?”

विमान खाली आलं, ही मात्र अजून खाली आलेली नाही.

तर असं ते पत्र. उत्तर सोपं होतं: ‘तुझं काहीच चुकलं नाही.’ पण तसं लिहिलं की पुढे विचारणार, मग सहाच का? पहिला मसुदा मी त्या प्रश्नावर केला. तो नऊ पानांचा झाला आणि त्यात मुलगी आठव्या पानावर आली; आधीची सात पानं गुणदानाच्या तत्त्वांवर होती. दुसऱ्या मसुद्यात मी तिची स्तुती करायला घेतली. तिने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो डबा, आणि तीच गोष्ट लिहिली की तिची धडगत नाही. डबा वगळला तर उरत होतं एवढंच, की मी तीनदा बटण दाबलं आणि ती तीनदा आली. तेवढ्याला तर माझ्या मते पाचच होतात.

तिसऱ्या मसुद्याच्या वेळी ही खालच्या मजल्यावर साखर मागायला गेली आणि पत्राची बातमी देऊन आली. संध्याकाळी हेडसाहेब वर आले. हे एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. घरी वाणसामानाची यादीसुद्धा ते ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घालून करतात.

“उत्तर द्यायचं नाही,” त्यांनी खुर्ची ओढली. “लेखी दिलं की माणूस अडकतो. मी एकतीस वर्षांत एकाही कागदाला थेट उत्तर दिलं नाही. म्हणून धड निवृत्त झालो.”

“पण तिची नोकरी...”

“मास्तर, तुम्ही भोळे. कशावरून हे पत्र तिचंच? सही मिळवायचा डाव असेल.”

समोरच्या दारातून वकीलबाई आल्या. त्या वकिली करत नाहीत. त्यांचे यजमान करायचे. पण घरात एवढा कायदा ऐकला की तो अंगात भिनला.

“उत्तर दिलंच पाहिजे,” त्या म्हणाल्या. “गप्प राहिलात तर कबुली धरतात.”

“कशाची?” मी विचारलं.

“ते कोर्ट ठरवतं.”

दोघांचं चहा होईपर्यंत वाजलं, आणि चहा झाल्यावर दोघांचं एकमत झालं, ते असं की मी मुळात कार्ड भरायलाच नको होतं.

त्याच आठवड्यात कुरियरने एक पेटी आली. विमान कंपनीकडून. आत जाड कागदावर सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्र होतं. ‘आमच्या सँडविचला सेवेच्या आरंभापासून आजवर मिळालेले सर्वाधिक गुण आपण दिल्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.’ खाली आकडेवारी होती: यापूर्वीची सरासरी, दहापैकी दोन पूर्णांक एक दशांश. माझ्या सातामुळे जेवण पुरवणाऱ्या ठेकेदाराचा करार आणखी तीन वर्षांनी वाढवला होता. सोबत नमुना म्हणून सँडविचची नवी खोकी पाठवली होती. झाकणावर ठळक अक्षरांत माझं वाक्य: ‘घरच्या जेवणाची आठवण झाली! – एक समाधानी ज्येष्ठ प्रवासी’. उद्गारचिन्ह त्यांचं. मी आयुष्यात उद्गारचिन्हं जपून वापरली आहेत.

हेडसाहेबांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं.

“यात खोटं काय आहे?” ते म्हणाले. “ते सँडविच खाल्लं की कुणालाही घरच्या जेवणाची आठवण होणारच.”

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग एकदम हसू येईना. ज्या हाताने मी त्या दगडाला तीन वर्षांचा करार मिळवून दिला, त्याच हाताने, त्याच कार्डावर, एकच ओळ वर, त्या मुलीची नोकरी घालवायला घेतली होती. भात तिचा. गुण त्यांचे. खुलासा मात्र तिने द्यायचा.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. फोनवर मी मुळात वाईट. समोरचा माणूस यंत्र असेल तर अधिकच. मराठीसाठी एक, तक्रारीसाठी दोन, कौतुकासाठी तीन. माझं प्रकरण कौतुकाच्या तक्रारीचं होतं. मी दोन आणि तीन एकदम दाबले. तेव्हा सामान हरवल्याचा विभाग लागला. तिथून चौथ्या ठिकाणी एक बाई भेटली. तिने सगळं शांतपणे ऐकलं, मधे एकदाही टोकलं नाही, आणि सांगितलं की दिलेले गुण फोनवर बदलता येत नाहीत, शहरातल्या कार्यालयात अर्ज करावा लागेल. इतकं नीट मला बऱ्याच वर्षांत कुणी समजावलं नव्हतं. मग यंत्र म्हणालं, “या संभाषणाला एक ते नऊ गुण द्या.” माझं बोट आपसूक निघालं. ते सहाच्या वर पोचलंच होतं, तेवढ्यात हिने फोन ओढून नऊ दाबला.

“आणखी एकीला घरी बसवाल,” ही म्हणाली.

बावीस तारखेला मी कार्यालयात गेलो. एका उंच इमारतीत सहावा मजला. मजल्याचा आकडादेखील मला टोचला. आत बर्फासारखी थंडी, भिंतीवर ढगांचे फोटो आणि काउंटरमागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण. त्याने मला एक छापील अर्ज दिला. त्याचं शीर्षक वाचून मी अर्धं मिनिट तसाच उभा राहिलो. ‘गुणांच्या फेरतपासणीसाठी अर्ज’.

वाचकहो, मी तीस वर्षं फेरतपासणीचे अर्ज पाहिले आहेत. मुलं अर्ज करायची, आया रडायच्या, एकदा एक वडील आंब्याची नव्हे तर चक्क पुस्तकांची पेटी घेऊन आले होते आणि त्या दिवशी मी जरा डळमळलो होतो. पण प्रत्येक अर्जावर माझ्या हाताने एकच शेरा गेला: ‘गुणांत बदल नाही.’ त्या शेऱ्याचा मला अभिमान होता. आज मी स्वतःच्याच गुणदानाविरुद्ध स्वतःच अर्ज लिहीत होतो, आणि ‘कारण’ या रकान्यात मला काही सुचत नव्हतं. मी लिहिलं, ‘परीक्षकाचा हात आखडता आहे.’

तरुण अर्ज घेऊन आत गेला. चार मिनिटांत परत आला. अर्जावर जांभळा शिक्का होता. ‘गुणांत बदल नाही.’

“हे कुणी ठरवलं?” माझा आवाज चढला. म्हणजे मला तरी चढल्यासारखा वाटला, तरुणाने “काय म्हणालात?” असं विचारलं.

“साहेबांनी, काका. गुण देताना एखादी गोष्ट सांगायची राहिली असेल तरच बदल होतो. हात आखडता आहे हे कारण नाही होत.”

“एकदा तपासून तरी...”

“सगळे असंच म्हणतात.”

हे वाक्यही माझंच होतं. मी पिशवी उचलली. मागून तो म्हणाला, “काका, त्या ताईंनी तुम्हाला काही पत्रबित्र लिहिलं होतं का?”

“लिहिलं होतं.”

“मग त्याला उत्तर द्या ना! तेच त्यांना खुलाशाला जोडायचंय. काय राहिलं होतं सांगायचं ते त्यात लिहा. या अर्जाबिर्जाची काही गरजच नव्हती.” त्याने कॅलेंडरकडे पाहिलं. “तिसाच्या आत पोचलं पाहिजे पण.”

मी घरी आलो. हेडसाहेब आणि वकीलबाई आमच्याकडेच बसले होते. अर्जाचा निकाल ऐकायला. मी सांगितला.

“मग आता काय सांगायचं राहिलं होतं, ते शोधा,” वकीलबाई म्हणाल्या.

“काही राहिलं नव्हतं,” मी म्हणालो.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “सांगू का मी?” ही म्हणाली.

“नको.”

“चक्कर आली होती ह्यांना.”

मघाशी मी विमानाचं सांगताना एक गोष्ट गाळली. ओघात राहून गेली असं म्हणणार होतो, पण तेही खरं नाही. गोळी घेऊन सव्वा तास झाला आणि पोटात काही नव्हतं. तिसऱ्यांदा बटणाला कोपर लागलं, ते लागलं नव्हतं. मी कलंडलो होतो. घाम फुटला, खिडकीबाहेरचे ढग डोळ्यांसमोर आत आले. ही घाबरून ओरडली. ती मुलगी धावत आली, माझं डोकं आपल्या खांद्याला टेकवून धरलं आणि तसंच धरून तिने मला भात भरवला. चमच्याने. पहिले सहा-सात घास. शेजारचा टायवाला तेव्हा मात्र मांडी सोडून माझ्याकडे पाहत होता. बटण दाबत राहा, हे ती म्हणाली ते खरं. पण मला बरं वाटल्यावर, मी शरमेने खाली पाहत होतो तेव्हा, मला हसवायला म्हणाली. भरल्या विमानात एक सत्तरी उलटलेला माणूस लहान मुलासारखा जेवला. हे मी कार्डावर लिहिणार होतो? मुलालाही सांगू दिलं नव्हतं.

हिने तेही सगळं सांगून टाकलं. हेडसाहेब घसा साफ करून म्हणाले, “मास्तर, मला दोन वर्षांपूर्वी बँकेच्या रांगेत झालं होतं असं. मी घरी सांगितलं पाय घसरला.”

“मला ठाऊक होतं,” वकीलबाई म्हणाल्या. “तुमच्या बायकोलाही ठाऊक आहे.”

हेडसाहेबांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

“हे लिहायचं तर डबाही लिहावा लागेल,” मी म्हणालो. तेवढी एक पळवाट उरली होती. “आणि डबा देणं नियमाबाहेर आहे.”

“नियम वाचलात का?” वकीलबाईंनी विचारलं.

मी, ज्याने विमानाच्या खिशातलं जेवणाचं पुस्तकही मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचलं, त्याने नियम वाचले नव्हते. मुलाकडून प्रवासाच्या अटींची प्रत मागवली. चौसष्ट पानं, मुंगीएवढी अक्षरं. मी भिंग घेऊन बसलो. आणि खरं सांगतो, त्या सगळ्या प्रकरणातले ते माझे सुखाचे तास. त्या चौसष्ट पानांत कंपनी कशालाच जबाबदार नव्हती: उशिराला नाही, सामानाला नाही, फोटोतल्या थाळीला तर मुळीच नाही. सत्तेचाळिसाव्या पानावर मात्र एक कलम सापडलं. ‘प्रवाशाच्या प्रकृतीसाठी तातडीची गरज भासल्यास कर्मचारी विमानात उपलब्ध असलेला कोणताही योग्य खाद्यपदार्थ देऊ शकतील.’

‘विमानात उपलब्ध असलेला.’ कुणाच्या मालकीचा, ते लिहिलेलं नव्हतं. कंपनीला मोघम लिहायची सवय होती, देव तिचं भलं करो. डबा विमानात होता. डब्यात भात होता. तो योग्य होता की नाही याचा निर्वाळा कंपनीने स्वतः सोनेरी किनारीच्या कागदावर दिलेला होता.

मग मी पत्र लिहिलं. मसुदा न करता. ‘तुझं काही चुकलं नाही,’ इथून सुरुवात केली. गोळीचं लिहिलं, चक्कर आल्याचं लिहिलं, तू मला भरवलंस असं लिहिलं; तो शब्द लिहिताना पेन जरा थांबलं, पण मी खोडला नाही. कलमाचा क्रमांक आणि पान घातलं. ज्या जेवणाला सात गुण दिले ते तुझ्या डब्यातलं होतं, कंपनीचं सँडविच मी दोन घासांच्या पुढे खाल्लं नाही आणि त्याचे गुण शून्य समजावेत, असं लिहिलं. ‘सहा गुण ही परीक्षकाची चूक आहे, परीक्षार्थीची नव्हे.’ हे वाक्य मी छत्तीस वर्षांत प्रथमच लिहिलं. आणि शेवटी आकडा. एक काढला. शून्य काढताना हात सवयीने आखडला, ते जरा लांबट झालं. पुढे कंसात: ‘अक्षरी दहा’. सही, तारीख, पूर्ण पत्ता.

हेडसाहेबांनी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ नाहीत म्हणून नाराजी दाखवली आणि स्वतःच्या हाताने पाकिटावर तिकिटं चिकटवली, एक जास्तच.

चोवीस तारखेला सकाळी ही आणि मी टपालपेटीकडे निघालो. ही का आली ते मला ठाऊक होतं. अठरा दिवस पत्र शब्दकोशात ठेवणारा माणूस पाकीट घेऊन एकटा बाहेर पडला तर कोपऱ्यावरच्या वाचनालयात शिरेल, अशी तिला भीती होती. ती निराधार नव्हती.

वाटेत ही म्हणाली, “दहा द्यायला जड गेलं का?”

“गेलं.”

“ते लांबट शून्य पाहिलं मी.”

पेटीजवळ आलो. लाल रंग उडालेला, पण वेळापत्रकाची पाटी नवी होती. मी ती दोनदा वाचली. पाकीट तोंडाशी धरलं आणि मला आठवलं, की तिसऱ्या परिच्छेदात ‘मनापासून’ दोनदा आलं आहे. पाकीट उघडून एक काढता आलं असतं. शिवाय दहा म्हणजे... निदान नऊ... नऊवरही तिचं काम भागलं असतं.

“काय झालं?” ही म्हणाली.

“काही नाही. सकाळची भाजी,” मी पेटीकडे पाहतच म्हणालो, “चांगली झाली होती.”

“किती?”

मी आयुष्यात कधी इतका वेळ घेतला नव्हता.

“दहा.”

हिने माझा पाकिटाचा हात मनगटाशी धरला. चक्कर आलेल्या माणसाला धरावं, तसा.

“सोडा आता,” ही म्हणाली.

सोडलं.